डावा डूल

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

आजच्या काळात माणसाला पत्र लिहायला लावणारी तू शेवटचीच बाई असशील. फोनवर मी पुटपुटते की तुला ऐकू येत नाही, हा वाद आपण दोघींनी आता सोडून देऊ. लिहिते आहे.

आमच्या लॅबमध्ये जुने चित्रपट दुरुस्तीला येतात हे तुला ठाऊक आहे. धूळ पुसायची, ओरखडे काढायचे, उडालेले रंग परत आणायचे. गेल्या सोमवारी नऊ डबे आले. झाकणावरचं नाव वाचलं आणि मी हातमोजे काढून ते पुन्हा वाचलं. आपल्या घरात ज्याचं नाव कुणी काढत नाही, तोच तो. तू ज्याची नोंदवही सांभाळलीस तो, चौतीस वर्षांपूर्वीचा.

निर्माती कंपनी तो आठ मार्चला, महिला दिनाला, पुन्हा प्रदर्शित करणार आहे. पोस्टर आधीच तयार आहे. नायिका हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभी आणि खाली ठळक अक्षरांत ‘सोसणारीचा विजय’. दिवस बायकांच्या हक्कांचा आणि चित्र थप्पड खाऊन नवऱ्याला पाणी देणाऱ्या बाईचं. मी हे बैठकीत म्हणाले, तर मी चहात मीठ घातल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग पुढचा विषय निघाला.

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. दृश्य एकसष्ट. थप्पड बसते तेव्हा तिच्या दोन्ही कानांत डूल आहेत. पुढच्याच शॉटमध्ये ती पाणी ओतते, लाजून केस कानामागे सारते, आणि डाव्या कानात डूल नाही. इतकी वर्षं लोक या चुकीला हसताहेत आणि तुला ‘एकडूल’ म्हणताहेत. आता यंत्रं अशी आली आहेत की उजव्या कानातला डूल उचलून डाव्यात घालता येतो आणि कुणाच्या बापाला कळत नाही. सतरा सेकंदांचा शॉट, म्हणजे साधारण चारशे चौकटी. तू फक्त हो म्हण. तुझ्या नावाला लागलेला हा एकच डाग, तो मी माझ्या हाताने पुसते.

तुझी,
ठमी


१७ जानेवारी

ठमे,

सतरा सेकंदांच्या चारशे आठ चौकटी होतात. ‘साधारण’ हा शब्द आमच्या धंद्यात नव्हता, तुमच्यात कधी आला?

पत्र पोचलं. गुडघा ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो, नळवाला उद्या येतो म्हणून गेला त्याला नऊ दिवस झाले. तुझे बाबा मला पत्र लिहीत नाहीत, ते लहानपणीही लिहीत नव्हते, त्यामुळे तक्रार नाही.

डूल राहू दे. चौतीस वर्षं लोकांचं हसून झालं आहे, आता नव्याने काय हसणार? माझं काम काय होतं ते तुला ठाऊक आहे. चित्रपट तुकड्यातुकड्याने घेतात. बाई दारातून बाहेर पडते ती सोमवारी आणि अंगणात येते ती पुढच्या गुरुवारी. मधल्या दिवसांत तिची बटणं, केस, हातातला कप, कपातला चहा, सगळं जसंच्या तसं राहायला हवं. ते मी वहीत लिहायचे. एकवीस चित्रपट, एकवीस वह्या. त्यात एक डूल चुकला म्हणून आभाळ कोसळलं नाही.

आता रिकामपणी त्या वह्या चाळते तेव्हा एक गोष्ट दिसते. नायकाच्या पानावर तो काय करतो ते आहे: दार उघडतो, फाइल फेकतो, गाडी काढतो. नायिकेच्या पानावर ती कशी दिसते ते आहे. एका ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, ‘अश्रू: आधी डाव्या डोळ्यातून, गालाच्या मध्यापर्यंत.’ असे अश्रू मी एकवीस चित्रपटांत मोजले. दार उघडणारी बाई शोधायला मला चौदाव्या वहीपर्यंत जावं लागलं, आणि तिनेही ते नायकासाठीच उघडलं होतं.

असो. तू मन लावून धूळ पूस. आशीर्वाद आहेतच, दर वेळी लिहीत बसत नाही.

आत्या


२५ जानेवारी

प्रिय आत्या,

चारशे आठ. मान्य.

तू नको म्हणालीस, पण तुला मी ओळखते. तुझ्यासाठी कुणी काही करायला गेलं की तू नकोच म्हणतेस. मागे चष्मा आणला तेव्हाही महिनाभर जुनाच घालून फिरत होतीस. त्यामुळे तुझा नकार मी अर्धाच धरला आहे. अजून काही ठरलेलं नाही, नुसता विचार चालू आहे.

काम मात्र वाटतं तेवढं सोपं नाही. उजवा डूल उलटा करून डावीकडे नेला की खिडकीचा उजेड त्याच्या चुकीच्या अंगावर पडतो, म्हणून तो प्रत्येक चौकटीत हाताने रंगवावा लागतो. शिवाय ती केस मागे सारते तेव्हा तो हलायला हवा. आधी तीन झोके दिले तर तो घंटेसारखा दिसायला लागला. दीड झोक्यावर नैसर्गिक वाटतो.

सफाई चालू आहेच. त्या शॉटमध्ये डाव्या कानाच्या पाळीवर दोन बारीक काळे ठिपके होते. फिल्मवरची धूळ असणार. ते काढून टाकले. आता कान अगदी स्वच्छ दिसतो.

आमच्या लॅबच्या प्रमुख बाई तुझी आठवण काढत होत्या. त्या शिकाऊ असताना तू त्यांना ग्लासातल्या पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण कशी करायची ते शिकवलं होतंस म्हणे.

तुझी,
ठमी


२९ जानेवारी

ठमे,

विचार करणारीला दीड झोका कुठून ठाऊक? तू डूल घातलास. घालून झाला, आणि मग मला पत्र लिहिलंस. माझ्यासमोर लपवाछपवी करू नकोस, मी आयुष्यभर तेवढंच पकडायचं काम केलं आहे.

तो काढ.

आणि ते ठिपके. धूळ एका चौकटीत असते, फार तर दोन. शेकडो चौकटींत एकाच जागी बसून राहणारी धूळ मी पाहिलेली नाही, तूही पाहिलेली नसशील. मूळ प्रत ठेवली आहेस ना? ठिपके परत आण.

कारण विचारू नकोस.

आत्या


३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हो, घातला. अकरा दिवस लागले. तुझ्यासाठी केलं आणि तुझ्याचकडून बोलणी खाल्ली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण आता तो माझ्या एकटीच्या हातात राहिलेला नाही. कंपनीच्या माणसांनी पाहिला. त्यांना इतका आवडला की ‘चौतीस वर्षांची चूक अखेर दुरुस्त’ अशी जाहिरात करायची म्हणताहेत. पंचवीस तारखेला चित्रपट प्रती काढायला जाईल. आता काढून टाक म्हणायला मला कारण लागेल, आणि तू म्हणतेस कारण विचारू नकोस. लॅबच्या बाईंना मी काय सांगू? आत्याची मर्जी?

ठिपक्यांची मूळ प्रत आहे. तू लिहिल्यावर मी पुन्हा पाहिलं. तू म्हणतेस तसंच आहे, ठिपके जागा सोडत नाहीत, कानाबरोबर फिरतात. ते काय आहे, मला कळत नाही. कळावंसं वाटतं.

आता एक सांगते, जे मी कधी सांगितलं नाही. चित्रपटाच्या शाळेत दुसऱ्या वर्षी सरांनी हेच दृश्य दाखवलं होतं, चुका कशा होतात याचं उदाहरण म्हणून. ‘ही त्या सुप्रसिद्ध एकडूल बाईंची करामत,’ असं म्हणाले. सगळा वर्ग हसला. मीही हसले. तू माझी आत्या आहेस हे मी सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. तेव्हापासून तो रिकामा कान माझ्या डोक्यात बसला आहे. डूल मी तुझ्यासाठी घातला असं म्हणते खरी, पण थोडा माझ्यासाठीच घातला.

रागावू नकोस. किंवा रागाव, पण लिही.

तुझी,
ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

वर्गात हसलीस ते बरं केलंस. सगळे हसत असताना एकटी गप्प बसणारी मुलगी लगेच ओळखू येते. मी तुझ्या जागी असते तर मीही हसले असते. तो विषय संपला.

सोबत वही पाठवते आहे, अकरावी, निळ्या पुठ्ठ्याची. आधी हे पत्र वाच, मग पान बेचाळीस आणि त्रेचाळीस.

दृश्य एकसष्ट असं ठरलं होतं. नायकाचा हात गालाच्या वीतभर अलीकडे थांबणार, ती मान फिरवणार, आवाज मागून भरणार. दोन तालमी झाल्या, दोन्हींत हात थांबला. मग चहाची सुट्टी झाली. चहा पिता पिता नायक आणि दिग्दर्शक यांनी आपसात ठरवलं की थप्पड खरी मारायची आणि तिला सांगायचं नाही. सांगितलं तर चेहऱ्यावर ते येणार नाही म्हणे. सहायकांना आधीच कळलं होतं. ते सगळे कॅमेऱ्यामागे येऊन उभे राहिले, आणि मला वाटलं, आज इतकी गर्दी का?

थप्पड बसली. डूल ओढला जाऊन उडाला, तो नंतर कुणालाच सापडला नाही. कानाची पाळी फाटली. ती पडली नाही. एक पाऊल मागे गेली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही जो शॉट पाहता तो थप्पड लागते त्याच क्षणी कापलेला आहे, म्हणून पुढचं कुणाला दिसत नाही.

आणि मी काय केलं? मी नोंद केली. कोणता हात, किती उंच, केस कोणत्या बाजूला पडले. दिग्दर्शकाने विचारलं, “बाई, तालमीशी जुळतंय?”

मी म्हणाले, “जुळतंय.”

तिच्या मानेवर रक्त होतं आणि मी जुळतंय म्हणाले. मला याची लाज वाटते. तेव्हा वाटली, आजही वाटते, आणि ती तुझ्या यंत्राने जाणारी नाही. दिग्दर्शक तिला म्हणाला की असा चेहरा तुला अभिनयाने जमला नसता. डॉक्टरने दोन टाके घातले. काळा दोरा.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा शॉट होता. दिग्दर्शकाचं फर्मान होतं की केस डाव्या कानावर घ्या, म्हणजे डूल आहे की नाही ते दिसणार नाही. मी वही घेऊन तिच्या खोलीत गेले. ती आरशासमोर बसली होती. मेकअपवाली टाक्यांवर रंग लावायला आली, तर तिने तिचा हात बाजूला केला आणि तिला बाहेर पाठवलं. मग आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, “वहीवाल्या बाई, आज शॉट चालू असताना मी केस मागे सारणार आहे. बाकी कुणाचं लक्ष जाणार नाही, तुमचं जाईल. तुम्ही बरोबर आहे म्हणाल का?”

मी विचारलं, तोंडाने सांगत का नाही तुम्ही?

“सांगितलं तर ती माझी तक्रार होईल. दोन दिवसांत लोक विसरतील, आणि मला काम मिळणार नाही. पडद्यावर राहिलं तर राहील. तुम्हीही कुणाला सांगू नका. ज्याला दिसेल त्याला दिसेल.”

शॉट झाला. कॅमेरामनचं लक्ष ग्लासावर होतं, दिग्दर्शकाचं तिच्या डोळ्यांवर. तिने केस मागे सारले, एकदाच, सावकाश. दिग्दर्शकाने मला विचारलं, सगळं बरोबर? मी बरोबर म्हणाले. एकवीस चित्रपटांत मी जाणूनबुजून खोटं बोलले ते एवढंच. आदल्या दिवशीचं ‘जुळतंय’ मी त्यात धरत नाही, ते खोटं नव्हतं, भ्याडपणा होता. फिल्म धुऊन येईपर्यंत सेट मोडला होता, त्यामुळे तो शॉट पुन्हा घेता आला नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तिला त्या थपडेसाठी पुरस्कार मिळाला. केस मागे सारण्याला एका समीक्षकाने लज्जेचा विभ्रम म्हटलं, आणि तुझ्या पहिल्या पत्रात तूही लिहिलंस, ‘लाजून’. माझं नाव एकडूल पडलं आणि ठरलेले दोन चित्रपट गेले. त्यानंतर तिने आपल्या प्रत्येक करारात एक अट घातली, की वही हीच बाई सांभाळेल. माझी पुढची दहा वर्षं त्या अटीवर चालली. तिचे नंतरचे चित्रपट काढून बघ. प्रत्येकात केस डाव्या कानावरून खाली आले आहेत. लोकांनी त्याला तिची शैली म्हटलं, मुलींनी तसे केस ठेवले. आम्ही दोघींनी एकमेकींशी पुन्हा या विषयावर एक अक्षर काढलं नाही.

ती जाऊन चार वर्षं झाली. मी शब्द पाळला, आणि माझ्याबरोबरच तो गेला असता. पण तू डूल घातलास आणि टाके पुसलेस. आता गप्प बसले तर तिने केलेलं पुसलं जातं, बोलले तर माझा शब्द जातो. चार दिवस या कुशीवरून त्या कुशीवर झाले. शेवटी ठरवलं, तिने शब्द घेतला तो ते पडद्यावर राहावं म्हणून. तेच राहणार नसेल तर शब्द कुणासाठी सांभाळायचा?

वही तुझ्या लॅबच्या बाईंना दाखव. आणखी कुणालाही नाही.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून झाल्यावर मी हात धुवायला गेले. का ते ठाऊक नाही. अकरा दिवस मी त्या कानावर काम करत होते, एवढंच डोक्यात होतं.

पान बेचाळीस: ‘थप्पड लागली. डावा डूल तुटला, सापडला नाही. पाळी, दोन टाके.’ पान त्रेचाळीस: ‘दृश्य ६१, शॉट ४. डावा डूल नाही. बरोबर.’ लॅबच्या बाईंनी दोन्ही पानं उभ्यानेच वाचली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचली. त्या मोजकं बोलतात, तुझ्याच हाताखालच्या ना. एवढंच म्हणाल्या की ठिपके आधी परत आण, डूल मग काढ. तेवढं काम एका दुपारीत झालं. पुसायला आणि घालायला अकरा दिवस लागले होते.

काल कंपनीचे साहेब आले. मी आधी घाबरले होते. डूल काढला हे ऐकून ते चिडले, जाहिरात छापून तयार आहे म्हणाले. बाईंनी त्यांना करारातलं कलम दाखवलं: मुळात जे चित्रित झालं नाही, ते लॅब घालणार नाही. हे कलम दर करारात असतं आणि ते कुणीही वाचत नाही. मीसुद्धा वाचलं नव्हतं, म्हणून बाईंनी मलाही झापलं. साहेबांनी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, मूळ नोंदवही सापडली आहे, डूल नसणं हेच बरोबर आहे. पुढे ते काही विचारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी विचारलंच नाही. जाहिरात मागे घेतली. पोस्टर मात्र तेच राहिलं. त्यावर मी बोलून पाहिलं, भांडूनही पाहिलं, उपयोग झाला नाही.

एक गोष्ट मी तुला न विचारता केली आहे, पण या वेळी आधी सांगते. दुरुस्त केलेल्या प्रतीच्या सुरुवातीला आम्ही एक पाटी देतो, काय काय दुरुस्त केलं त्याची. रंग, आवाज, तुटलेले सांधे. तिच्या शेवटी मी एक ओळ घातली आहे. माझी नाही, तुझी, जशीच्या तशी. ‘दृश्य ६१, शॉट ४. डावा डूल नाही. बरोबर.’ खाली तुझं नाव आणि ‘नोंदवही’ एवढंच. कारण कुठेही लिहिलेलं नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल. नको असेल तर पंचवीसच्या आत कळव.

तू येशील का? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते.

तुझी,
ठमी

ता. क. काल शाळेतल्या सरांना फोन केला. एकडूल बाई माझी आत्या आहे एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.


९ मार्च

ठमे,

पंचवीसच्या आत काही कळवलं नाही, त्यावरून तू समजलीच असशील.

काल मी आले होते. तुला सांगितलं असतं तर तू मला पहिल्या रांगेत बसवून लोकांना दाखवत सुटली असतीस. दुपारचा खेळ, अकरावी रांग, कडेची खुर्ची. वही तुझ्याकडे, म्हणून नोंदी तिकिटाच्या मागे केल्या.

पाटी आली तेव्हा निम्मे लोक जागा शोधत होते. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि एकमेकींकडे पाहिलं. रंग चांगले आलेत. तिसऱ्या दृश्यातल्या खिडकीच्या पडद्याचं हिरवं जरा जास्त झालं आहे, मूळ पडदा मेंदी रंगाचा होता. बाईंना सांग.

थप्पड बसली तेव्हा सात जणांनी टाळ्या वाजवल्या. पूर्वी अख्खं थिएटर वाजवायचं. याला प्रगती म्हणायची की नाही, ते तू ठरव.

मग पाणी. तिने ग्लास भरला, केस मागे सारले. मी हा शॉट सेटवर पाहिला होता, नंतर थिएटरातही कितीदा पाहिला, पण तुम्ही धूळ पुसल्यावर तो कान केवढा दिसतो गं. टाके मोजता येतात. मागून कुणीतरी सवयीने हसलं आणि हसता हसता थांबलं. त्या मुलींपैकी एक हळूच म्हणाली, “लाजत नाहीये ती. दाखवतेय.”

माझ्या शेजारी पन्नाशीची एक बाई होती, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. उशिरा आली होती, पाटी तिने वाचलेली नव्हती. तिने आपला डावा कान तळव्याने झाकला आणि शॉट संपेपर्यंत हात काढला नाही. बारा सेकंद. मी मोजले.

वही परत पाठव. पान त्रेचाळीसवर खाली दोन ओळी मोकळ्या आहेत, तिथे हे लिहायचं आहे. नळवाला येऊन गेला, नळ अजून गळतो.

बाहेर आल्यावर मला रडू आलं. आधी कोणत्या डोळ्यातून, ते मात्र मी लिहून ठेवलेलं नाही.

आत्या